चारशे डब्यांच्या वरणाची हकीकत

डोंबिवली पूर्व,
मार्गशीर्षातला दुसरा शनिवार

ती. गोपीनाथदादास,

धाकट्या शालूचा वाकून नमस्कार, रखमावहिनींनाही तसाच. तू रतनच्या हाती पाठवलेलं सामान पोचलं. पोचून सोळा दिवस झाले आणि पोच आज लिहितेय, त्याचं कारण पुढे येईल. आलं ते असं: घरचा तांदूळ दहा किलो (मी तोलून पाहिला, साडेनऊ भरला, पण पोत्याला उंदराचं भोक आहे, तेव्हा तुझ्यावर संशय नाही), वाल दोन किलो, सुका जवळा पाव किलो (मार्गशीर्ष सरेपर्यंत वरच्या फळीवर ठेवलाय, देवाकडे त्याची पाठ करून), आणि मिठागर बंद झालं तेव्हा तू भरून ठेवलेल्या खड्याच्या मिठातलं दोन किलो. खर्च: स्टेशनापासून रिक्षा साठ, रतनचं परतीचं तिकीट दहा. चहा-पोहे घरचे, ते मांडले नाहीत. वहिनींच्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधून पाहिला का? एकवीरा आईच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. ह्यांचं पोट अधूनमधून तक्रार करतं, पण त्याला कारण ह्यांची जीभच आहे.

आता खरी बातमी. आपली सून कल्पिता सुपरवायझर झाली. तुला ठाऊक आहे, ती घोडबंदर रोडला ऑफिसांना दुपारचे डबे पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात कामाला आहे. चार वर्षं डबे भरत होती. दिवाळीआधी तिच्या साहेबांनी, प्रफुल्लसाहेबांनी, बावीस माणसं आणि चारशे डबे तिच्या हाती दिले, पण कच्चे, म्हणजे काम बघून मग कायमचं पत्र. दादा, तू तिला लग्नात पाहिलंस. चपलेचा अंगठा तुटला तरी चपलेलाच सॉरी म्हणणारी मुलगी ती. बावीस जणांवर ती काय हुकूम चालवणार? मी देवापुढे एक नारळ जास्त ठेवला (पस्तीस रुपये, पण प्रसंगच तसा होता).

कंपनीने तिला दोन दिवस एका हॉटेलात शिकायला पाठवलं. माणसांचं पुढारपण कसं करावं, त्यासाठी अंगी कोणते गुण बाणवावेत, हे तिथे शिकवतात. येताना तिने एक निळी फाइल आणली. तांदूळ निवडता निवडता ती मी दोनदा वाचली. मॅट्रिकनंतर एवढ्या लक्षपूर्वक मी काही वाचलं नव्हतं. आधी ऐकावं, मग बोलावं. कौतुक चारचौघांत, कानउघाडणी एकट्यात. यश आलं तर माणसांचं, चूक झाली तर आपली. वाचताना मला सारखे बाबा आठवत होते. मिठागरावर मुकादम, हाताखाली तीस माणसं आणि सहीच्या जागी अंगठा. त्यांना कोणी हॉटेलात नेलं नव्हतं. ते उधाण आठवतंय ना? बांधातल्या उघाडीची फळी लावायची राहिली, खाडीचं पाणी आत शिरलं आणि पंधरा दिवसांचं पिकलेलं मीठ खाडीला मिळालं. शेठ बांधावर उभा राहून कोण, कोण म्हणून ओरडत होता. बाबांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि म्हणाले, “माज्याच हातून राहिली.” झालं. दोन महिन्यांची मजुरी त्यांची कापली. ते वाक्य त्या फाइलीत चौदाव्या पानावर आहे, फक्त लांबवून लिहिलंय.

तर तिला तयार करायचं मी मनावर घेतलं. घरातच सराव. मी पोळ्या लाटणारी बाई झाले आणि ह्यांना तिथला मुख्य आचारी काळुराम केलं. कल्पिता पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, जमलं तर, म्हणजे घाई नाही, पण पोळ्या...” मी म्हटलं, “अगं, हुकूम देतेस की जोगवा मागतेस?” पुन्हा घेतलं. तिसऱ्या खेपेला आवाज चांगला निघाला, पण ह्यांनी काळुरामाचं सोंग इतकं मनावर घेतलं की “माझं काम नाही ते” म्हणून बसले आणि पुढचे दोन दिवस स्वतःचा कपही उचलला नाही. सराव मला बंद करावा लागला.

पण खरं सांगू, माझ्या शिकवणीचं काहीच तिने घेतलं नाही आणि तेच बरं झालं. तो खरा काळुराम मुरबाडकडचा, तीस वर्षं डेगीपुढे उभा. कालची डबे भरणारी पोरगी आपल्याला सांगणार म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. ही काय करायची, तर पहाटेच्या बसने अर्धा तास आधी जायची आणि त्याच्या शेजारी बसून कांदे सोलायची. हुकूम नाही, भाषण नाही. एकदा विचारलंन, “काळुरामदादा, झाकण न काढता भात झालेला तुम्हाला कळतो कसा?” तो म्हणाला, “वास सांगतो.” आणि मग सांगतच सुटला. तीस वर्षांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं! दहाव्या दिवशी त्याच्या तोंडून मॅडम निघालं. (मला लग्नानंतर अकरा वर्षांनी सासूबाईंनी नावाने हाक मारली, त्या हिशोबाने ही प्रगती फारच.) पोळ्यांवरची शांताबाई रोज वीस मिनिटं उशिरा यायची. सगळ्यांना वाटलं, आता हिची खरडपट्टी निघणार. कल्पिताने तिला बाजूला नेऊन विचारलं, तर निघालं काय, नातवाला बालवाडीत सोडल्याशिवाय ती निघूच शकत नाही, आणि पुढे घोडबंदरचा ट्रॅफिक. हिने तिची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली आणि शेवटची भांडी तिच्याकडे दिली. त्या दिवसापासून शांताबाई वेळेच्या आधी हजर.

आता त्या गुरुवारबद्दल. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. वरणासाठी नवी मोठी डेग आली होती आणि तिची पूजा आईंच्या हातून व्हावी, असं कल्पिताने साहेबांना सांगितलं. शनिवारी तिच्या कायमच्या पत्रावर सही व्हायची होती, कागद टाइप होऊन टेबलावर तयार होता. मी उपाशीपोटी, माहेरची हिरवी नऊवारी नेसून गेले. डेगीला हळदकुंकू वाहिलं. पहिलं वरण उकळलं आणि काळुरामाने सवयीप्रमाणे पळी तोंडाकडे नेली. मी त्याचा हात धरला. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं? देवाच्या आधी? त्याने बिचाऱ्याने कल्पिताकडे पाहिलं, कल्पिताने माझ्याकडे, आणि म्हणाली, “राहू दे दादा, आज आईंचा मान.” नैवेद्य दाखवला, आरती झाली आणि आरतीला उशीर झाल्यामुळे कोणी न चाखताच चारशे डबे भरून गाड्या सुटल्या.

दीडला फोन सुरू झाले. वरण खारट. नुसतं खारट नव्हे, एका ऑफिसाने लिहून पाठवलं, डाळीसोबत खाडीही पाठवलीत का? डेगीत दुप्पट मीठ पडलं होतं. ते कसं पडलं, कोणी टाकलं, देव जाणे. (तेव्हा मी कोपऱ्यात नारळ फोडत होते. मला कोणी काही विचारलं नाही.) कल्पिता डगमगली नाही, दादा. उरलेल्या वरणात बिनमिठाची डाळ घालून, उकळून, तासाभरात पुन्हा गाड्या पाठवल्या. ट्रॅफिकमुळे पोचेपर्यंत निम्म्या लोकांनी फरसाण खाल्लं होतं, ते सोड. साहेब आले. शेठसारखेच, कोण, कोण म्हणत. सगळ्यांच्या माना काळुरामाकडे. तो म्हणाला, “मी एकदाच टाकलं, साहेब, बायको-पोरांची शपथ.” साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

तेव्हा ही, चपलेला सॉरी म्हणणारी, पुढे झाली. आवाज चढवला नाही की रडली नाही. म्हणाली, “चव न बघता डबे सोडायची परवानगी मी दिली. चूक माझी. काळुरामदादा उद्या येतील.” काळुरामाला साहेबांनी ठेवलं, पण कल्पिताचा कागद उचलून खणात टाकला आणि महिनाअखेरीला बघू म्हणाले. येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. तिने निम्मा मला परत दिला, मला उपास होता म्हणून.

अशी आपली सून. बाबा असते तर त्यांनी तिला मिठागराची किल्ली दिली असती. मुलांना आशीर्वाद, वहिनींनी तपकीर कमी करावी.

तुझी,
शालू

ता. क. तुझ्यापासून काय लपवू. ते मीठ मी टाकलं. देवाच्या वरणाला कारखान्याचं बारीक मीठ मला पटेना, म्हणून तुझ्या मिठाची पुरचुंडी पर्समधून नेली होती. काळुराम हात धुवायला गेला तेवढ्यात हिशोब केला: घरी चार माणसांना एक चमचा, तर चारशेंना शंभर. शंभर मोजून टाकले. हिशोबात एका चमच्याची चूक नाही. त्याचंही मीठ बरोबर होतं आणि माझंही, एकाच डेगीत पडलं एवढंच.

ता. क. दुसरा. आता हे तिला आणि साहेबांना सांगायला हवं, महिनाअखेरीच्या आत. नऊ दिवस रोज सकाळी पदर सावरून उभी राहते आणि चहा हवा का, एवढंच विचारते. म्हणून तुला लिहिलं. दादा, त्या उधाणाच्या दिवशी उघाडी कोणाच्या हातून राहिली, हे मी बांधावरून पाहिलं होतं. मी बारा वर्षांची होते, तू सतरा. पन्नासावर वर्षं झाली, मी ह्यांनाही सांगितलं नाही. तू बाबांना कधी, कोणत्या शब्दांत सांगितलंस, तेवढं लिही. मी तेच शब्द वापरेन, मला वेगळे सुचत नाहीत.

ता. क. तिसरा, सोमवार सकाळ. पाकीट चिकटवत होते तर कल्पिता डबा भरता भरता म्हणाली, “मामांना लिहिताय ना? मिठाचंही लिहा. बरणीतलं एकदम अर्धा किलो कमी झालंय, त्या गुरुवारपासून.” बरणी घासूनपुसून तीच भरते, हे मी विसरलेच होते. मी वर पाहिलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. नुसती जरा थांबली, फाइलीत लिहिलंय तशी, समोरच्याला बोलायला जागा देऊन. मी म्हटलं, चहा हवा का. ती चपला घालून बसला गेली.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तर दादा, वरचं सगळं राहू दे, एवढंच उलट टपाली कळव: बाबांनाही ठाऊक होतं का, आणि तू सांगशील म्हणून ते किती दिवस थांबले?