खळ्यावरचं वादळ

बेळगुंदी, पौष शुद्ध पंचमी, संध्याकाळ

लढाई संपली आणि आमचा शिवा, माझा धाकटा भाऊ, बोटीवरच्या नोकरीवरून धडधाकट घरी आला. आज भाताला वारं द्यायला स्वतःच वावडीवर, उफणणीच्या उंच तिवईवर, चढला. वर उभा राहताच तोंडावर जराशी झुळूक आली, तर सवयीनं ओरडला, "आप्पा, तुफान सुटलंय!" सूप हलवलं, तर फोलपटं उडायची सोडून दाण्यांबरोबर सरळ खाली राशीत.

"ह्येला तुफान म्हणतोस व्हय रं?" आप्पा हसले.

शिवा ओशाळून मला म्हणाला, "आक्का, बोट पळती त्येचंच वारं तोंडावर बसतंय. त्येलाच आमी समदी वादळ म्हणतोय. सुट्टीत सांगितलेली निम्मी वादळं तसलीच."

आणि त्या गोष्टी ऐकून आई इथे दोरीवरचं लुगडं हललं तरी शिवासाठी देवाला हात जोडायची! मला राग यायला हवा होता. का नाही आला?

आई मात्र खळ्यातच मटकन बसली. "म्हंजे माझं समदं भ्याणं फुकटच गेलं की रं!" म्हणाली, आणि हसता हसता रडली.

फोलपटं अजून राशीतच आहेत. उडवू उद्या, वारा आला की.

भ्याणं फुकट गेलं. देवा, दुसरं काय मागत होतो आम्ही?