यादगिरींच्या बेकरीची झिजकी अक्षरे

नारायणगुडा, हैदराबाद
मार्च १९९६

ती. लक्ष्मणराव यांस,

मुकुंदाचा साष्टांग नमस्कार. इकडे उन्हासकट सगळे खुशाल. तुमची कंबर आता वाकू देते का, ते कळवावे. तुमची बहीण निर्मला रोज विचारते.

पत्रास कारण तुमची भाची. नेहा कॉम्प्युटर शिकून आपल्याच छापखान्यात बसते, हे तुम्हांस ठाऊक आहेच. दिलसुखनगरला यादगिरी म्हणून एकांनी नवी बेकरी काढली. त्यांना डब्यांवर जुनाट इंग्रजी अक्षरे हवी होती. (हल्ली बाजारात सगळे परदेशी आणि चकचकीत, म्हणून ह्यांना जुने हवे!) नेहाने माळ्यावरचे लाकडी खिळे काढले, म्हणजे टोकांना पाय फुटलेली, नाटकाच्या जाहिरातींत झिजून कडा उडालेली ती मोठी अक्षरे. त्यांना शाई लावून ठसे घेतले आणि ए पासून झेडपर्यंत सगळे कॉम्प्युटरात घातले. आता बटण दाबले की झिजलेलेच अक्षर उमटते.

हे मला कोणी सांगितले नव्हते. टेबलावर छपाईची प्रत दिसली, अक्षरे जागोजाग टवके उडालेली. म्हटले, पोरीचे यंत्र बिघडले. बारीक ब्रश घेऊन एकेक टवका काळ्या शाईने भरला आणि डबे छापून टाकले. यादगिरी आले, डबा उलटसुलट केला आणि म्हणाले, "ये क्या करे जी? पूरा नवा करके रख दिए!"  नेहा नुसती माझ्या ब्रशाकडे पाहत राहिली. ते फार लागले. सगळे डबे माझ्या पदरचे घालून पुन्हा छापले, ह्या खेपेस टवक्यांसकट.

उद्घाटनाला आम्ही तिघे गेलो. तीच अक्षरे पाटीवरही होती. अंबरपेठचे एक वृद्ध गृहस्थ पाटीखाली उभे राहून लोकांना सांगत होते, लहानपणी मी इथलीच बिस्किटे खाल्ली. (गेल्या वर्षापर्यंत तिथे सायकलींचे दुकान होते.) नेहा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि मला, खरे सांगतो, छाती दोन बोटे रुंद झाल्यासारखे वाटले.

तो डबा पाहून पुण्याच्या एका जाहिरात कंपनीने तिला नोकरीस बोलावले आहे. मी साफ नाही म्हटले. तरुण मुलगी परगावी एकटी राहणार, हे आपल्या घरात बसत नाही.

आपला,
मुकुंद

ता. क. : वरचा मजकूर निर्मलेने वाचून पसंत केला आहे. हे पोस्टात उभ्याने लिहितो. तुम्ही उलट टपाली मला खरमरीत पत्र पाठवा. मागासलेला म्हणा, अक्कल काढा, आणि नेहा पुण्यात तुमच्याकडेच राहील असे दरडावून लिहा. थोरल्या भावापुढे निर्मला बोलत नाही. शिव्या ठळक अक्षरांत असाव्यात. ती चष्मा लावत नाही.

ता. ता. क. : जरा घाई करा. नेहाचे पुण्याचे तिकीट काढून बसलो आहे.