काळ सुधारावा

शनिवार, ४ ऑगस्ट

आज वह्यांची अदलाबदल झाली! वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही नऊ जण, सगळे पन्नाशीपुढचे, आणि लेखन शिकवणाऱ्या बाई आमच्या लेकीच्या वयाच्या. विषय – रोजचं छोटं सुख आणि आपल्या हातांनी केलेलं काहीतरी. सोबत्याचं वाचायचं, त्यावर मनापासून लिहायचं, वही परत द्यायची. माझ्या वाट्याला घड्याळवाले आले. कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. वर्गात तोंडातून शब्द फुटत नाही, वही मात्र गच्च भरलेली.

‘दुपारी मी खिडकीत बसायची, जुनी बटणं मांडून त्यांची चित्रं जुळवायची. मला फार आवडायचं.’ आता हा बाप्या माणूस ‘बसायची’ कसा? तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, हात थोडाच गप्प बसणार! लाल पेनानं ‘बसतो’ केलं, ‘जुळवतो’ केलं. समासात लिहिलं – आवड आजची आहे ना? मग काळ सुधारावा. बटणांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. नणंद म्हणाली, तू लग्नपत्रिका हातात आली तरी आधी पेन शोधतेस.

शनिवार, ११ ऑगस्ट

आज चहाच्या कपातली वाफ. ‘ती बघत मी तासभर रमायची.’ पुन्हा तेच! ‘रमतो’ केलं. शेवटची ओळ – ‘बटणांचा डबा शेजारणीला देऊन टाकला.’ तिच्याखाली ‘छान’ लिहून वही मिटली.

मंगळवार, १४ ऑगस्ट

भाजी निवडताना हात थांबला. आवडीचा डबा का देऊन टाकेल कुणी? आणि ‘आवडतं’ असं एकदाही नाही. सगळं आवडायचं, आवडायचं! मी त्याला व्याकरणाची चूक समजले. भाजी तशीच टाकून दुकानापाशी गेले. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून काम करत होते. बरं आहे ना, विचारलं. हो म्हणाले. तरी मनात पाल चुकचुकतेय.

गुरुवार, १६ ऑगस्ट

दुकान उघडं आहे. तीनदा बघून आले.

शनिवार, १८ ऑगस्ट

नव्या पानांवर सगळा वर्तमानकाळ. मी बसतो, मी रमतो, मला आवडतं. एक चूक नाही. बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं, किती प्रसन्न लिहिलंय म्हणाल्या. टाळ्या पडल्या. जे काही कळण्यासारखं होतं, ते मीच खोडून ठेवलं होतं. वही हातात आल्यावर पाहिलं, शेवटची ओळ बाईंनी वाचलीच नव्हती – ‘आता पुढची वही आणायला नको.’

जिन्यात घड्याळवाल्यांना गाठलं. भीड गुंडाळून ठेवली आणि थेट विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?

‘हे माझं नाही हो,’ म्हणाले. ‘धाकटी बहीण लिहिते. ती घराबाहेर पडत नाही, म्हणून नाव माझं घातलं. मी नुसती वही पोचवतो. वाचायचं नाही, असं तिनं बजावलंय.’

एका बाईचा पुरुष मी केला. माझ्या लाल पेनानं.

‘आत्ता कुठे आहे ती?’

‘घरी. एकटीच.’

वही त्यांच्या हातात कोंबली आणि आम्ही धावत सुटलो. दार आतून बंद होतं. कडी तोडायला शेजारचे चौघे लागले.

सोमवार, २० ऑगस्ट

वाचली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर नाही. आज दवाखान्यात गेले. ती माझ्याच वयाची निघाली. मी कोण ते सांगितलं, माफी मागितली.

‘तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल असं वाटलं होतं,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर वही पाठवत होते.’