जमादाराचं खाणं आणि बाबांची तपासणी

ती. आईंना,

सुनेचा वाकून नमस्कार. (लिहिते आहे बसूनच, पण मनानं वाकले आहे असं समजा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईंची तब्येत, बाळाची झोप आणि बाळापायी उडालेली जावईबापूंची झोप, सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे आम्ही चौघं मजेत आहोत. चौघं म्हणजे बाबा, तुमचे चिरंजीव, मी आणि जमादार. कुत्र्याला माणसांत धरू नये असं तुम्हीच म्हणता, पण तुम्ही ताईंच्या बाळंतपणाला गेल्यापासून या घरात सगळ्यात जास्त बडदास्त त्याचीच आहे, तेव्हा त्याचं नाव शेवटी लिहिलं हाच खरं तर त्याचा अपमान झाला.

पत्राला कारण तुमचा परवाचा फोन. जमादार नीट खात असेल तर लेकीजवळ आणखी दोन महिने राहीन, नसेल तर निघून येईन, असं म्हणालात. फोन ठेवल्या ठेवल्या बाबांनी मला फर्मावलं की त्याच्या खाण्याचा सविस्तर अहवाल तुम्हाला गेला पाहिजे. म्हणून चष्म्याचं दुकान आज अर्धा दिवस बंद ठेवून बसले आहे.

मूळ चूक तुमची आहे, आई. जाताना मला सांगून गेलात, "मूठभर घाल, वर थोडं काहीतरी." जन्मभर वजनमापांच्या खात्यात तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाच्या देखत हे असलं बोलायचं? तुमची रिक्षा वळते न वळते तोच बाबांनी माळ्यावरून जुना तराजू काढला आणि माझी मूठ मोजली. एकदा भरून, एकदा दाबून, एकदा सैल. मग म्हणाले, "तुझी मूठ प्रमाणित नाही." इतकी वर्षं या घरात स्वयंपाक करते आहे, पण माझ्यात नेमकं काय कमी आहे हे इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं. मुठीचा प्रश्न सुटेना, तेव्हा बाबांनी मुळालाच हात घातला. किती घालायचं ते नंतर बघू, आधी काय घालतोय ते तपासू, म्हणाले, आणि माझ्या दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दुकानात गेलो.

तिथला दुकानदार बोलायला मोठा गोड. त्यानं एक चकचकीत पाकीट पुढं केलं. त्यावर हिरवळीवर धावणारा कुत्रा, टपोरी गाजरं आणि मागे उगवता सूर्य. बाबा म्हणाले, "चित्र कुत्रा खाणार नाही," आणि पाकीट उलटं करून भिंग लावलं. (आई, तुम्हाला ठाऊक होतं का, की त्या बारीक अक्षरांत जो पदार्थ पहिला लिहिलेला असतो तो वजनानं सगळ्यात जास्त असतो? मला नव्हतं. मी आजवर सूर्य बघून पाकीट घ्यायची.) पहिला होता मका. मांस चौथं, आणि तेही नुसतं 'प्राणिजन्य पदार्थ'. "कुठला प्राणी?" बाबांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, प्राणी म्हणजे... प्राणी." बाबा शांतपणे म्हणाले, "ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते, तो आमच्या घरात शिरणार नाही." दुसऱ्या पाकिटावर 'कोंबडीच्या चवीचं' होतं. चवीचं आणि कोंबडीचं यात काय अंतर आहे, ते बाबांनी त्याला इतक्या तळमळीनं समजावलं की आणखी तीन गिऱ्हाइकं हातातली पाकिटं उलटी करून बघायला लागली. तेवढ्यात दुकानदारानं गल्ल्याजवळचा आपला काटा हळूच कपड्यानं झाकलेला मी पाहिला. बाबांनीही पाहिला असणार, पण निवृत्त माणसाचा मोठेपणा बघा, काही बोलले नाहीत. शेवटी एक साध्या पिशवीतलं खाणं निवडलं: पहिलं नाव कोंबडीचं, तारीख ताजी, रंग नाही, आणि जमादाराच्या वयाला योग्य. घरी आल्यावर बाबांनी त्यातले दोन दाणे आधी स्वतः चावून पाहिले. म्हणाले, "मीठ नाही. उत्तम." आमटीत मीठ कमी पडलं तर याच तोंडानं काय काय ऐकवलंय, ते तुम्हीही विसरला नसाल.

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई. नवं खाणं एकदम देऊ नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला, कांदा आणि द्राक्षं चुकूनही नकोत, असं त्यांनी सांगितलं. पोट साफ होतं का, असंही विचारलं. त्यावर बाबांनी रंग, घट्टपणा आणि वेळ यांचं असं बारकाईनं वर्णन केलं की दाराशी मांजर घेऊन बसलेल्या बाई उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई मात्र खूश. इतका दक्ष पालक आपण पाहिला नाही म्हणाल्या. बाबा दोन दिवस तरंगत होते.

आणि आता जे लिहिते त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण शपथेवर लिहिते: बाबा स्वयंपाक करतात. "आपल्याकडे गॅस पेटवतात कशानं?" असं विचारून सुरुवात झाली, पण आता रोज सकाळी जमादाराच्या खाण्यावर घालायला कोंबडी आणि लाल भोपळा उकडतात, एकेक हाड चाचपून काढतात, बोटांनी मांस सोडवतात आणि खाली मांडी घालून बसून फुंकर मारून निववतात. जमादार समोर लाळ गाळत, पण शहाण्यासारखा थांबतो. आई, मी या माणसाला भीत आले. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द कधी ऐकला नाही. पण त्यांना असं फुंकर मारताना पाहिलं आणि मला भरून आलं. एवढं नीट, एवढं मन लावून कुणाला तरी खाऊ घालणं हे मोठंच काम आहे, आणि तुम्ही ते आम्हा सगळ्यांसाठी करत आलात हेही तेव्हाच लक्षात आलं.

असो. जमादाराचं अंग चकाकतंय, खाजणं थांबलंय, आणि शेजारच्या काकांवर तो पूर्वीच्या दुप्पट जोमानं भुंकतो. तेव्हा तिकडे निवांत राहा, बाळाला खेळवा, इकडची काळजी नको, असा बाबांचा खास निरोप आहे. बाळाला पापा, ताईंना आठवण.

तुमची,
अप्रमाणित मुठीची सून

ता. क. बाबा जमादाराला फिरवायला गेलेत, म्हणून हे वेगळ्या कागदावर. जमादाराच्या खाण्यात कधीच खोट नव्हती. नवं, जुनं आणि माझी एक चप्पल, सगळं त्याला गोड लागलं. त्याचं वजन बाबा दर रविवारी करतात. तो काट्यावर उभा राहत नाही, म्हणून आधी त्याला कडेवर घेऊन उभे राहतात, मग एकटे, आणि वजाबाकी करून आम्हाला जमादाराचा आकडा सांगतात. परवा ते एकटे उभे असताना मी मागून वाकून पाहिलं. आई, बाबा पाच किलोंनी उतरलेत. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय. ताटावर बसतात, दोन घास घेतात, आणि 'जमादाराचं बघतो' म्हणून उठतात. मी करते ते गोड लागत नाही असं नाही, उलट मला तसं वाटू नये म्हणून हल्ली दोन्ही जेवणांना छान झालंय म्हणतात, यावरूनच काय ते ओळखा. दोन महिने फार होतील. बाळाला हवं तर घेऊन या, पण या.

ता. क. २ बाबा आले. वरचा कागद मी उशीखाली सरकवला आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. भिंग लावून शेवटपर्यंत वाचलं. सगळं बरोबर आहे म्हणाले. मग बराच वेळ जमादाराच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि म्हणाले, "एक दुरुस्ती कर. लिही, खातो, पण ती असताना खायचा तसं नाही." जमादार तेव्हा रिकामं भांडं चाटून चाटून घरभर ढकलत होता.