उजव्या खांबातला अँटेना

३ नोव्हेंबर, ग्राझ
काम मिळालं! वाल्डेक गावच्या स्की-लिफ्टच्या नव्या फाटकांत अँटेना मी बसवणार. पास खिशातच राहणार, माणूस जवळ आला की फाटक आपोआप उघडणार. तिथले लिफ्टप्रमुख म्हणजे माझे सासरे, रूपर्ट. गावच्या सभेत त्यांनी शब्द दिलाय, माझा जावई करेल म्हणून.
संकल्प: या नाताळात सासरे मला 'गुडघेवाला' न म्हणता हेर्विग म्हणतील. (गुडघा दुखतो म्हणून मी स्की करत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

७ नोव्हेंबर
अँटेना उजव्या खांबात. माणसं वस्तू उजव्या खिशात ठेवतात. मी ठेवतो. शेजारच्या टेबलावरची व्हेरोनिका म्हणाली, एकदा डोंगरावर जाऊन रांग बघून ये. हिला सगळ्यात नाक खुपसायचं असतं. म्हटलं, गुडघा.

१२ नोव्हेंबर
टेबलावर अँटेनानं पास हातभर लांबून वाचला! ऑफिसात केक वाटला.

१३ नोव्हेंबर, सकाळी
अँटेना खांबात बसवला. आता पास चिकटवला तरच वाचतो. पास खराब असावा.
दुपारी
सगळेच पास खराब आहेत.

१४ नोव्हेंबर
व्हेरोनिका म्हणते, खांब पोलादी आहे, तो अँटेनाचं बळ खातो. मध्ये फेराइटचा, म्हणजे चुंबकीय पदार्थाचा, थर घाल आणि अँटेना खांबात बसवूनच वारंवारता पुन्हा जुळव. असली ठिगळं मी लावत नाही. सरळ पॉवर वाढवणार.

१७ नोव्हेंबर
पॉवर वाढवली. चिप जळली. व्हेरोनिका म्हणते, तिच्या डब्यालासुद्धा वास लागला. अतिशयोक्तीची सवयच आहे तिला.

२४ नोव्हेंबर
फेराइटचा थर घातला, खांबातच जुळवलं. पुन्हा हातभर! कल्पना मला आंघोळ करताना सुचली. व्हेरोनिका नुसती बघत राहिली. कौतुकानं असावं.

५ डिसेंबर, वाल्डेक
उद्या उद्घाटन. सासऱ्यांनी स्वतः माझ्या पेल्यात श्नाप्स ओतली आणि मला हेर्विग म्हणाले! डोळ्यांत पाणी आलं. श्नाप्स कडक होती.

६ डिसेंबर
बँड वाजला. महापौर पुढे आले. फाटक उघडलं नाही. बँड पुन्हा वाजला. फाटक ढिम्म. मागे अख्खं गाव स्की घालून खोळंबलेलं. मी म्हटलं, थंडी.
सासऱ्यांनी विचारलं, अँटेना कुठल्या बाजूला? म्हटलं, उजव्या. ते म्हणाले, अरे देवा, पास डाव्या खिशात असतो! जॅकेटला त्यासाठीच डाव्या बाहीवर खिसा शिवलेला असतो, रांगत्या पोराच्यासुद्धा! म्हटलं, माझ्या जॅकेटला नाही. म्हणाले, तुझ्याकडे स्कीचं जॅकेट आहे कुठे?
डावा खिसा खांबाकडे यावा म्हणून संध्याकाळपर्यंत अख्खं गाव पाठमोरं फाटकातून गेलं. महापौरसुद्धा.

७ डिसेंबर
जेवताना सासरे एवढंच म्हणाले, सभेत मी शब्द दिला होता. अँटेना डावीकडे हलवायला आठवडा लागेल. बायकोनं, गेर्लिंडेनं, माझं नाव नवशिक्यांच्या स्कीवर्गात घातलंय. गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

८ डिसेंबर
पास सवयीनं उजव्या खिशात टाकला. फाटक झटकन उघडलं. रांगेत सरळ चालत गेलेला मी एकटाच.
पलीकडे लगेच आपटलो. गुडघा आता खरोखर दुखतोय. तसं सांगितलं, तर सासऱ्यांसकट सगळी रांग हसली.