गणूचा वेगळा पंचा

सोमवार, श्रावण, १९५८

धाकट्या भावाच्या, गणूच्या हातात शिंगाळा माशाचा काटा घुसला, त्याचे गळू झाले. आता तसलेच फोड मांडीवर आणि बगलेत. पेनिसिलिनची इंजेक्शने देऊन झाली. आज डॉक्टरांनी पू काढला, कोपरापर्यंत हात धुतले आणि मला बाजूला घेतले. म्हणाले, "या जंतूंना आता हे औषध लागू पडत नाही. ताप चढला तर लगेच मुंबईला न्या. त्याचा पंचा वेगळा ठेवा, उकळून घ्या."

आमच्या घरी खुंटीवर एकच पंचा. होडीवरून आलेला प्रत्येकजण त्यालाच तोंड पुसतो, घरातली सूनसुद्धा. मी दुसरी खुंटी ठोकली. गणू बघत होता.

"दादा, मना वाळीत टाकलंस व्हय?"

"सुनेचे दिवस भरत आलेत रे." मी एवढेच म्हणालो.

तो हसला. "बरं हाय. माजा पंचा आता कोन पळवनार न्हाय."

दिवेलागणीला मी अंगठ्याने सगळ्यांना अंगारा लावतो. आज गणूला लावला आणि तोच अंगठा सुनेच्या कपाळाकडे नेता नेता थांबलो. देवाच्या अंगाऱ्याला का भ्यायचे? तरीही उठून हात धुतला. देवावरचा विश्वास सुटला की काय माझा?

"नीट धू, दादा," कोपऱ्यातून गणू म्हणाला.

परत आलो. सून वाकली, तेव्हा तिच्या कानामागे लाल पुटकुळी दिसली, टोकाला पिवळी. उष्णतेची असेल. पंचा मी वेगळा केला, पण आज केला.