न पाहता पाठवलेलं पाणी

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात फोन एकच होता, किराणा दुकानात, आणि निरोप द्यायला दुकानदाराला उठून वेशीपर्यंत यावं लागायचं. आज माझ्या खिशात जो फोन आहे तो तुम्हाला फार आवडला असता, हे मी मनापासून लिहितो. ग्रहण समजवायला तुम्ही वर्गाची दारं लावून कंदील, कवठ आणि लिंबू घेऊन अर्धा दिवस खटपट केली होती. माझी मुलगी तेच फोनवर बोटानं फिरवून पाहते, आणि समजलं नाही तर पुन्हा पाहते. तिला कुणी 'किती वेळा सांगू' म्हणत नाही. मला मात्र आता पाठ फारसं काही राहत नाही. सख्ख्या बहिणीचा नंबर येत नाही. शाळेच्या ओट्यावर तुम्ही घोकून घेतलेली प्रार्थना रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणतो, पण तिसऱ्या कडव्याशी जीभ थांबते आणि हात खिशाकडं जातो. देव समजून घेत असावा. पण पत्र लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही.

त्या दुष्काळाच्या वर्षांत तुम्ही चौथीच्या वर्गाला गावातल्या विहिरी वाटून दिल्या होत्या. एकेकाला एक विहीर. शाळेत येण्याआधी गाठी मारलेला दोर, टोकाला दगड बांधून, आत सोडायचा. वर ओढून किती गाठी ओल्या झाल्या ते पाहायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. तुम्ही ते फळ्याच्या कडेला लिहायचा. बाया घागरी घेऊन आधी शाळेच्या खिडकीशी यायच्या, फळ्यावरचं विचारायच्या आणि मग कुठं जायचं ते ठरवायच्या. माझ्याकडं टेकडीमागची, सगळ्यांत लांबची विहीर. आमची मेंढरं तिकडंच चरायची, म्हणून ती मला. एके दिवशी मी गेलोच नाही. झोप आवरली नाही. आदल्या दिवशी पाच गाठी होत्या, एका दिवसात अशा किती कमी होणार, म्हणून चार सांगून मोकळा झालो. नेमकी कुणीतरी आदल्या दुपारी इंजिन लावून ती विहीर उपसली होती. तीन बाया उन्हात टेकडी चढून गेल्या आणि चिखल बघून परत आल्या. त्यांतली एक खिडकीतून ओरडतेय ते अजून ऐकू येतं: "गुरुजी, ह्या पोराच्या चार गाठी कुठं हायत, तेवढ्या दावा आमाला!"

तुमचा हात उठला नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "पाहून सांगितलंस का?" मी मान खाली घातली. मग तुम्ही मला त्या तिघींच्या घरी पाठवलंत, एकट्याला, "मी गेलो नव्हतो" एवढंच सांगायला. पहिल्या दोघींनी शिव्या घातल्या. तिसरीनं हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, आणि मला तेच जास्त लागलं. परत आलो तर तुम्ही फळा पुसत होता. मला वाटलं, विहीर आता दुसऱ्या कुणाकडं जाणार. तुम्ही मागं न वळताच म्हणालात, "उद्या लवकर ऊठ. टेकडीमागची तुझीच आहे." गुरुजी, मला बक्षिसं फार मिळाली नाहीत, जी मिळाली त्यांत हे मी सगळ्यांत मोठं मानतो.

आता मी पैठण रस्त्याकडच्या एका कॉलनीत राहतो आणि चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शहर बिडकीनच्या दिशेनं निघालं आहे. घर घेतलं तेव्हा समोर ज्वारी होती, आता चार मजले आहेत. पाणी काही तेवढं वाढलं नाही. नळाला आठ-आठ दिवसांनी येतं, यंदा पाऊस नाही म्हणून आणखी लांबलं. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर पाण्याचा निरोप टाकायचं काम माझ्याकडं. पाणी येणार असं कळलं की आदल्या संध्याकाळी सगळे ड्रमच्या तळाचं शिळं पाणी झाडांना घालतात, अंगण धुतात, ड्रम घासून पालथे ठेवतात. पाहुणा येणार असल्यासारखी लगबग असते.

तीन आठवड्यांपूर्वी कंपनीच्या बसमधून घरी येताना एक मेसेज आला, उद्या सकाळी सहाला आपल्या भागात पाणी. मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि ग्रुपवर टाकला. 'पुढे वाचा'च्या खाली तारीख होती, मागच्या उन्हाळ्यातली. ती मी पाहिली सकाळी साडेसहाला, गल्लीतल्या चाळीस घरांचे ड्रम धुऊन कोरडे झाल्यावर. आमचेही. आणि मी काय केलं? मेसेज सगळ्यांच्याच फोनवरून पुसून टाकला. विचारणाऱ्यांना लिहिलं, वरून रद्द झालं असेल. बघता बघता गल्लीनं ठरवलं की मेसेज खरा होता आणि पाणी सोडणाऱ्या लाइनमननं आपलं पाणी पलीकडच्या कॉलनीला दिलं. व्हॉल्व्हची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो नाक्यावरून चालला होता, तिथंच त्याला घेरलं. सगळ्यांत पुढं शेजारच्या घरातल्या मावशी, ज्यांना गुडघ्यांमुळं टँकरपाशी बादली घेऊन उभं राहणंही जमत नाही.

"आमचं पानी कुठं पळवलं रे बाबा?"

"मावशी, आज पानी हाय असं मी कव्हा म्हनलो? तुमची पाळी शुक्रवारची."

"मंग आमी काय खुळ्या म्हनून ड्रम धुतले व्हय?"

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तो गप्प झाला. घोळक्यात मागं उभा मी तर गप्पच होतो. मग असं ठरलं की त्याच्या बदलीसाठी अर्ज द्यायचा, आणि माझं मराठी चांगलं म्हणून तो मीच लिहायचा. ते मराठी तुमचं, गुरुजी.

दोन संध्याकाळी मी कागदावर 'विषय' एवढंच लिहून बसलो. दिवा लावताना देवाकडं मान वर होत नव्हती. गल्ली टँकरमागं धावत होती आणि सह्या करायला लोक घरी येऊन विचारून जात होते. तिसऱ्या दिवशी लाइनमनला गाठलं. तो रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवत होता. म्हटलं, चूक माझी आहे, मेसेज जुना होता, मी तारीख पाहिली नाही. त्यानं हात थांबवला नाही.

"ठावं हाय ना, साहेब. तुमच्या ग्रुपात मी बी हाय. मी पुरता वाचला व्हता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलो. मी बोललो असतो तर चावीवाल्याचं कुनी ऐकलं असतं का?" मग खड्ड्यातून वर बघत हसला. "लई लावून घेऊ नका मनाला. पर अर्ज देनारच असाल तर नाव नीट लिवा. मागल्या टायमाला दुसऱ्याचीच बदली झाली."

त्याच संध्याकाळी ग्रुपवर खरं लिहिलं. मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्याकडं स्वतः गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तीन दिस त्या लेकराला शिव्या घातल्या म्या. त्या आता माघारी कशा घेऊ?" मी म्हटलं, माझ्या नावावर टाका. "तुझ्या नावाच्या येगळ्या हायत," त्या म्हणाल्या, आणि त्या दिल्यासुद्धा. निघताना मागून हाक मारली. "शुक्रवारी पानी आलं की सांगाय ये. फोन नगं, तू ये." शुक्रवारी पहाटे नळाखाली हात धरून बसलो, आणि हात भिजला तेव्हाच त्यांच्या दारावर गेलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. एक मात्र तुमच्यापासून लपवत नाही. ग्रुपवर लिहिण्याआधी मी फोनलाच विचारलं होतं, की चूक कबूल करायचा मजकूर कसा असावा. त्यानं क्षणात दिला, चार परिच्छेदांचा, फार सुरेख. त्यात गैरसमज होता, गैरसोय होती, मनःपूर्वक दिलगिरी होती. ड्रम कुठंच नव्हते. मी तो उतरवून घेतला, ग्रुपात चिकटवला, आणि बोट पाठवायच्या खुणेवर बराच वेळ तसंच राहिलं. मग पुसला आणि माझ्या दोन ओळी लिहिल्या. त्यांना पाऊण तास लागला. पाठवल्यावर लगेच वाटलं, तो चार परिच्छेदांचा पाठवला असता तर शिव्या कमी बसल्या असत्या. गुरुजी, अजूनही कधी कधी तसं वाटतं.